सुप्रीमच्या हुडीत कापडाचा दम किती आणि नावाचा किती?

सुईदोरा_धरमपेठ:

नमस्कार मंडळी. माझं नागपूरला धरमपेठेत शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, कुर्ते, गणवेश, शिवाय दुरुस्ती. हल्ली कॉलेजची मुलं कपडे घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, हे ओरिजिनल आहे का बघा ना." लाल चौकोन, त्यात पांढरी तिरपी अक्षरं, सुप्रीम, म्हणजे न्यूयॉर्कचा कपड्यांचा ब्रँड. आजवर हातात आलेले सगळे नकलीच निघाले. परवा मात्र भाच्याच्या मित्राने खरी हुडी आणली. त्याच्या बहिणीने न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली, बिलासकट. मी ती उलटी करून, उजेडात धरून नीट पाहिली.

पहिल्यांदा जाणवतं ते वजन. मग लक्षात येतं की होजिअरीची उभी वीण आडवी लावली आहे. रकाने खांद्यावरून खाली यायच्या ऐवजी एका काखेतून दुसऱ्या काखेकडे जातात. दोन्ही कुशींना रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या विणीची पट्टी. टोपी दुहेरी कापडाची. मनगटाची रिब ताणून सोडली की जागच्या जागी येते. लोगो छापील नाही, भरतकामाचा आहे आणि अक्षरांच्या कडा एकदम साफ. आतून हात फिरवला तर शिलाईची गाठ कुठेच लागत नाही. लेबलवर मेड इन कॅनडा.

म्हणजे काम उत्तम आहे, त्यात वाद नाही. या हुडीची दुकानातली किंमत 168 डॉलर होती. आपल्याकडचे रिसेलवाले, म्हणजे घेऊन चढ्या भावाने परत विकणारे, तिचे 40 हजारांच्या वर सांगतात. भाच्याला ती हवी आहे. भाऊजी म्हणतात, तेवढ्यात कूलर येतो आणि वर्षाचा गहूही भरून होतो. त्यांचं त्यांना बघू द्या, मला माझ्या कामातला प्रश्न पडलाय. जगभर एवढं नाव झालंय ते या कापडामुळे आणि शिलाईमुळे का? की कापड कसंही असतं तरी नाव झालंच असतं? ज्यांनी वापरलंय, विकलंय, बनवलंय त्यांनी सांगा.

बर्डीचा_पोट्टा:

ताई, आधी हे सांगा की नागपुरात हुडी घालायची कधी? डिसेंबर-जानेवारीत दीड महिना. बाकीचे दिवस अंगात घालायचं राहू द्या, कपाटात पाहूनच घाम फुटते राजा!

इतवारी_काका:

पोट्ट्याचं बरोबर आहे. आमच्या काळी थंडी पडली की तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारात जायचं, घासाघीस करायची, एक स्वेटर घ्यायचा आणि तो धाकट्या भावापर्यंत पुरायचा. 40 हजारांची हुडी? त्यात आमच्या मोहल्ल्याची थंडी निघाली असती.

तिरुपूर_रिटर्न:

ताई, तुम्ही जे आडव्या विणीचं पाहिलंत तिथेच खरी गोम आहे. मी तिरुपूरला निर्यातीच्या कारखान्यात मर्चंडायझर होतो, आता नागपुरात परत आलोय. जरा सविस्तर लिहितो.

होजिअरीचं कापड धुतलं की लांबीत जास्त आखडतं. म्हणून हुडी वर चढते आणि हात वर केला की पोट दिसतं. अमेरिकेतल्या चॅम्पियन कंपनीने 1938 च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. कापडच आडवं कापायचं, म्हणजे लांबी टिकते. मग अंग रुंदीला आवळू नये म्हणून कुशीला रिबची पट्टी द्यायची. खेळाडूंच्या स्वेटशर्टसाठी काढलेली ही युक्ती. सुप्रीमने ती शोधलेली नाही, पण वापरली नीट. आडवं कापताना कापड जास्त वाया जातं, पट्ट्या वेगळ्या जोडाव्या लागतात, शिलाईचा वेळ वाढतो. खर्च वाचवायला निघालेला ब्रँड हे सगळ्यात आधी काढून टाकतो.

वजनाचं म्हणाल तर ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं मोजतात. साधा टी-शर्ट 160 ते 180 जीएसएमचा असतो. 220-240 ला जाड म्हणतात. हुडी 300 च्या पुढे, आणि चांगली भारी हुडी 400 च्या आसपास. कारखान्यात जीएसएम कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा काढतात, वजन करतात आणि 100 ने गुणतात. त्यात जादू काही नाही. जाड कापडाला सूत जास्त लागतं, एवढंच.

मात्र सुप्रीमची प्रत्येक वस्तू अशी नसते. हेन्स कंपनीच्या साध्या टी-शर्टचं तीनचं पाकीट ते आपला छोटा लाल लोगो लावून विकतात. टी-शर्ट हेन्सचाच. तोही लोक घेतात. त्यामुळे "कापडामुळे नाव झालं" हे हुडीला थोडंफार लागू पडेल, त्या पाकिटाला अजिबात नाही.

सुईदोरा_धरमपेठ:

@तिरुपूर_रिटर्न, हेच हवं होतं. पट्टीचं कारण मला फक्त फिटिंग वाटलं होतं. एक विचारते. दुकानात हात लावला की जे लोण्यासारखं मऊ लागतं ते कापड दोन महिन्यांत खरबरीत का होतं? गिऱ्हाइकं मला विचारतात.

तिरुपूर_रिटर्न:

सिलिकॉन वॉश, ताई. शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर देतात, तो पाच-सात धुण्यांत निघून जातो. बायो-वॉश वेगळा. त्यात एन्झाइमने वरची लव खाऊन टाकतात, त्यामुळे गोळे कमी येतात आणि तो गुण टिकतो. दुकानात मऊपणा बघूच नका. कुशीची शिलाई बघा. टी-शर्ट दोनदा धुतल्यावर ती शिलाई फिरून पोटावर आली तर समजायचं की सुताचा पीळ बसवलेला नव्हता आणि कापड घाईत फिनिश केलंय. हा दोष 300 रुपयांच्या टी-शर्टात असतो आणि 3 हजारांच्याही. लोगो बघून तो कळत नाही.

फुटाळा_स्केटर:

इथे सगळे कापडाचंच बोलताहेत म्हणून लिहितोय. मी स्केटबोर्ड चालवतो. नागपुरात आम्ही मोजकेच आहोत. आमच्यासाठी सुप्रीम म्हणजे आधी स्केटचं दुकान, कपडे नंतर.

1994 मध्ये जेम्स जेबियाने न्यूयॉर्कला लाफायेत रस्त्यावर ते उघडलं. कपडे भिंतीलगत लावले आणि मधली जागा मोकळी ठेवली, कारण पोरं बोर्ड घेऊन सरळ आत यावीत. दुकानात कामाला स्केट करणारीच पोरं. बाकीच्या दुकानांतून ज्यांना हाकलायचे त्यांना इथे बसू द्यायचे. फरशीवर घासटून, पडून, पुन्हा उठून टिकतील असे कपडे त्या पोरांना हवे होते, म्हणून जाड कापड आलं. जेबिया त्याआधी स्टुसी या सर्फवाल्या पोरांच्या कपड्यांच्या ब्रँडबरोबर काम करायचा, त्यामुळे त्याला हे गिऱ्हाईक माहीत होतं.

"कापड कसंही असतं तरी नाव झालं असतं का" याला माझं उत्तर नाही असं आहे. पहिली गिऱ्हाइकं रोज कपडे फाडणारी होती. त्यांनी टिकाऊपणा पाहून घेतला, मग बाकीचे आले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात जे आले त्यांच्यावरून पहिल्यांना जोखू नका.

आणि काका, रागावू नका, पण स्वेटर धाकट्याला पुरतो तशी ही हुडीही पुरते. माझ्याकडे मोठ्या भावाची आहे, जुनी आहे, अजून रोज घालतो.

इतवारी_काका:

रागावतो कशाला बेटा. पडून उठणाऱ्या पोरांसाठी केलेलं कापड म्हटल्यावर मान आहे. भावाची वापरतो आहेस हे तर फारच चांगलं.

बर्डीचा_पोट्टा:

@फुटाळा_स्केटर भाऊ, तू नागपुरात स्केट करते कुठं? आपल्या रस्त्यानं तर बाइक धड चालून नाही राहिली.

फुटाळा_स्केटर:

सिमेंट रोड झाले तेव्हापासून बरं आहे भाऊ. पहाटे साडेपाचला ये, दाखवतो.

गांधीबाग_होलसेल:

आम्ही गांधीबागेत तीन पिढ्यांपासून होजिअरी विकतो. बाजारात काय चालतं ते सांगतो.

बर्डीला 500 पासून दीड हजारापर्यंत जे लाल चौकोनवाले मिळतात त्यांना पोरं फर्स्ट कॉपी म्हणतात. त्याच्या वर सेव्हन-ए, मास्टर कॉपी अशी नावं. ही नावं विकणाऱ्यांनीच पाडली आहेत, त्यामागे कसलाही दर्जा नाही. माल हुडीचा असेल तर बहुतेक लुधियानाकडचा, टी-शर्ट असेल तर तिरुपूरकडचा. कापड बऱ्याचदा पॉलिस्टर मिसळलेलं. शिवणीतला एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. 400 जीएसएम म्हणून विकलेली हुडी आमच्या काट्यावर 280 ची भरलेली मी पाहिली आहे.

आमच्याकडे असा माल मागायला रोज कोणी ना कोणी येतं. वडिलांच्या काळापासून दुसऱ्याच्या नावाचा माल ठेवायचा नाही असं ठरलंय, म्हणून ठेवत नाही. धंदा कमी होतो हे खरं. पण त्याच जाडीचं, त्याच विणीचं कोरं कापड आमच्याकडे आहे आणि ते कोणी मागत नाही, याचं वाईट वाटतं. पोरगा कापडाला हात न लावता आधी छातीवर काय लिहिलंय ते बघतो.

त्यामुळे स्केटर भाऊंचा पहिला टप्पा मला मान्य. आज नागपुरात जे घेतात ते मात्र फक्त चौकोन घेतात.

खामला_डिझायनर:

चौकोनाबद्दल थोडं. लाल पट्टीवर फ्युचुरा नावाच्या वळणाची पांढरी अक्षरं ही मूळ बार्बरा क्रुगर या अमेरिकन कलावतीची शैली. जाहिरातबाजीवर आणि वस्तूंच्या हव्यासावर बोट ठेवणारं तिचं काम त्याच रूपात आहे. सुप्रीमने तिथूनच लोगो घेतला. पुढे 2013 मध्ये आपल्या लोगोची नक्कल केली म्हणून एका छोट्या ब्रँडवर सुप्रीमनेच दावा लावला. ज्या शैलीवर स्वतः उभे आहात तिच्यासाठी दुसऱ्याला कोर्टात खेचायचं हे मला पटत नाही.

रचना म्हणून मात्र लोगो फार ताकदीचा आहे. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो, कुठल्याही रंगावर बसतो, शाळकरी मुलालाही हाताने काढता येतो. त्यामुळे प्रसिद्धीतला मोठा वाटा अक्षररचनेचा आहे असं मी म्हणेन, आणि तो वाटा उसना आहे.

फुटाळा_स्केटर:

@खामला_डिझायनर, दाव्याचं मलाही पटत नाही. पण उसन्यावरून आठवलं. 2000 मध्ये लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच फॅशन कंपनीच्या नक्षीसारखी नक्षी सुप्रीमने स्केटबोर्डांवर छापली होती. व्हिटॉनने नोटीस पाठवून ते बंद करायला लावले. 2017 मध्ये त्याच व्हिटॉनने पॅरिसमध्ये सुप्रीमबरोबर मिळून कपडे आणले. ज्यांनी दारातून परत पाठवलं ते 17 वर्षांनी स्वतः बोलवायला आले. आमच्या पिढीला या गोष्टीचं अप्रूप आहे.

न्यूजर्सी_नागपूरकर:

मी मूळचा महालातला, आता न्यूजर्सीत. 2017-18 च्या सुमारास ऑफिसला जाताना गुरुवारी ती रांग दिसायची. सुप्रीमचा नियम असा की हंगामाचा माल एकदम बाहेर काढायचा नाही, दर गुरुवारी थोडा थोडा. संपला की संपला. रांगेतल्या मुलांशी बोललं की कळायचं, बरीच जण विकण्यासाठीच उभी आहेत. आत 168 ला घ्यायची, बाहेर त्याच दिवशी दुप्पट-तिप्पट. 2016 मध्ये यांनी नाव कोरलेली साधी भाजकी वीट 30 डॉलरला विकली. तीही संपली आणि पुढे चढ्या भावाने फिरत राहिली.

इतवारी_काका, वीट वाचलीत ना? कापडाचा आणि प्रसिद्धीचा संबंध किती, याचा याहून मोठा पुरावा नको. विटेला जीएसएम नसतं.

आता चित्र बदललंय. दुकान बोवरी रस्त्यावर गेलं, आणि साधे टी-शर्ट दुपारी गेलं तरी मिळतात. मागच्या वेळी पुतण्यासाठी एक घेतला. 50 डॉलरच्या आतबाहेर. कापड ठीक, छपाई ठीक. नागपूरला आणला तेव्हा वहिनी म्हणाली, "उन्हाळ्यात याला कोण घालणार?" पुतण्याने नवतपात घातला आणि संध्याकाळी स्वतःच काढून ठेवला.

प्रतापनगर_आई:

सगळ्यांचं वाचलं. माहिती खूप मिळाली, पण माझ्या मनातलं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या क्लासमध्ये कोणी काय घातलंय यावर कोण कुठल्या बाकावर बसतो हे ठरतं. त्याने बर्डीवरून 700 रुपयांची नकली हुडी घेतली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने सगळ्यांसमोर तिचं लेबल उलटं करून वाचून दाखवलं. तेव्हापासून तो हुडी घालत नाही आणि त्या मुलांत बसतही नाही. कापड किती जाड आहे हे त्या वर्गात कोणी विचारलं नव्हतं.

मला त्या कंपनीचा राग नाही. पण "मोजकाच माल काढायचा" या धोरणाचं दुसरं टोक आमच्या घरात येऊन टेकतं. ज्याच्याकडे नाही त्याला नाही म्हणून दाखवता यावं, यावरच हे सगळं चालतं. स्केटर दादा, तुमच्या दुकानाने हाकललेल्या पोरांना आत घेतलं, हे वाचून बरं वाटलं. आज त्याच लाल चौकोनावरून माझा मुलगा बाहेर बसतोय.

फुटाळा_स्केटर:

काकू, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या मुलाला रविवारी पहाटे पाठवा. बोर्ड माझ्याकडे जास्तीचा आहे. आमच्यात कोणी लेबल वाचत नाही.

प्रतापनगर_आई:

पाठवते. हेल्मेट असतं ना?

फुटाळा_स्केटर:

हेल्मेट, गुडघ्याचे, कोपराचे, सगळे पॅड आहेत. त्याशिवाय बोर्डवर उभं करत नाही.

सदर_लेखापाल:

हिशोबाचा माणूस आहे, आकडे ठेवतो. 2017 मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने सुप्रीमचा निम्मा हिस्सा साधारण 50 कोटी डॉलरला घेतला. 2020 च्या शेवटी व्हीएफ कॉर्पोरेशनने, म्हणजे नॉर्थ फेस आणि व्हॅन्स हे ब्रँड ज्यांचे ते, अख्खी कंपनी 210 कोटी डॉलरला घेतली. 2024 मध्ये त्यांनीच ती चष्म्यांच्या एसिलोरलक्सोटिकाला 150 कोटींना विकली. चार वर्षांत 60 कोटी डॉलर गेले.

एवढ्या वर्षांत हुडीचं कापड बिघडलं असं कोणी म्हणत नाही, तरी भाव पडला. कारण विकत घेतली जात होती ती टंचाई. मोठ्या कंपनीला विक्री वाढवावी लागते आणि विक्री वाढवली की टंचाई संपते. वस्तू तीच, भाव वेगळा, म्हणजे फरक वस्तूत नव्हता.

सुईदोरा ताई, भाच्याला "गुंतवणूक आहे, नंतर विकेन" असं कोणी भरवलं असेल तर हे आकडे दाखवा. शिवाय भारतात यांचं अधिकृत दुकान नाही. रिसेलवाल्याच्या 40 हजारांत मूळ किंमत, पाठवणी, कस्टम, त्याचा नफा आणि भीतीचं भाडं असं सगळं आलं. पावती मागून पाहा, बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. जीएसटीसकट पक्कं बिल देत नसेल तर तिथून निघा. 2,500 रुपयांवरच्या कपड्याला आता 18 टक्के लागतो, म्हणून पावतीला टाळाटाळ आणखी वाढली आहे.

सेव्हन_ए_माल:

भाऊ ओरिजिनल सारखाच माल आहे, फरक ओळखून दाखवा, घरपोच, नंबर

व्यवस्थापक:

वरच्या प्रतिसादातला फोन नंबर काढला आहे. इथे विक्री चालणार नाही.

कापूस_वणी:

रामराम. मी वणीचा. बारा एकर कोरडवाहू, त्यातली सात-आठ एकर पऱ्हाटी. पोरगी नागपूरला शिकते, तिनं हा धागा पाठवला. तुम्ही सगळे कापडाचं बोलून राहिले तर कापसाचाही हिशोब मांडतो.

भारी हुडीचं वजन धरा 900 ग्राम. कटिंगमध्ये जाते, सूत काढताना जाते. म्हणजे रुई सव्वा किलोच्या वर लागन. क्विंटलभर कापसातून रुई निघते 33-34 किलो, बाकी सरकी. म्हणून एका हुडीले चार किलोच्या आतबाहेर कापूस. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. चार किलोचे झाले सव्वातीनशे रुपये. तेही हमीभाव भेटला तर. ओल आहे म्हणून, कवडी आहे म्हणून कापतात ते वेगळं. टी-शर्टात तर किलो-सव्वाकिलो कापूस, शंभराची नोट.

सुप्रीमवाला आमचा कापूस घेते असं म्हणत नाही, त्याचं सूत कुठलं मले काय ठाऊक. पण कोणत्याही सुती भारी हुडीत कापूस एवढाच. 168 डॉलरची असो का 900 रुपयांची. ताईनं इचारलं दम कापडाचा का नावाचा. दम शिवणाऱ्याचाही हाये, इणणाऱ्याचाही हाये, पण भाव ठरवताना आमचं कोणी धरत नाही. पोरीले मी म्हटलं, घे चांगला कपडा, पण कोणत्या सुताचा हाये ते पाहून घे. बोंडअळीतून वाचलेला हाये तो.

सुईदोरा_धरमपेठ:

@कापूस_वणी दादा, दुकानात टेबलावर कापड अंथरते तेव्हा मीटरचा भाव डोक्यात असतो, क्विंटलचा कधीच नव्हता. हा हिशोब कागदावर लिहून भिंतीवर लावणार आहे. तुमची हरकत नसेल तर.

कापूस_वणी:

लावा ना बाई, हरकत कायची.

इतवारी_काका:

वणीकर भाऊंनी कापसाचं काढलं म्हणून एक आठवण. आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली. सूत कातायच्या रिंगच्या चात्या हिंदुस्थानात ज्या गिरण्यांनी सर्वांत आधी बसवल्या त्यांत आपली एम्प्रेस होती. आज महागड्या टी-शर्टच्या टॅगवर "रिंग-स्पन कॉटन" असं मोठ्या अक्षरात छापतात. नातवाने दाखवलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे हे तुझ्या पणजोबांचं खातं! विदर्भाचा कापूस, नागपूरची गिरणी, आणि कापड देशभर. त्या जागेवर आता मॉल आहे आणि पोरं तिथे बाहेरच्या ब्रँडचे कपडे घ्यायला जातात. मला तिथे जावंसं वाटत नाही.

विषय सोडून बोललो असं वाटेल, पण माझा मुद्दा आहे. नाव मोठं करायला आपल्याला जमलं होतं. कापड चांगलं होतं म्हणून लोक नाव घेत होते.

तिरुपूर_रिटर्न:

काका, विषय सोडला नाहीत. रिंगच्या सुताला पीळ सारखा बसतो, तंतू घट्ट धरले जातात, म्हणून कापड मऊही आणि मजबूतही. ओपन-एंड, म्हणजे रिंगऐवजी रोटरवर कातलेलं सूत स्वस्त, जाडसर, जास्त खरबरीत. टॅगवर "रिंग-स्पन" आणि "कोम्ब्ड" (विंचरून आखूड तंतू काढलेलं) हे दोन शब्द असतील तर त्याला निदान काही अर्थ आहे. "प्रीमियम" या शब्दाला काहीच अर्थ नाही.

मिहान_आयटी:

सगळ्यांना हात जोडून सांगतो, मी रिसेलमधून खरी हुडी घेतली आहे आणि मला एक रुपयाचाही पश्चात्ताप नाही. इथे कोणी माझ्या बाजूने बोललं नाही म्हणून लिहितोय. पहिल्या बोनसमधून घेतली. शाळेत असताना ज्यांच्या गाण्यांनी मला उभं केलं ते रॅपर ती घालायचे. कापसाचा भाव, चात्या, पीळ, सगळं मान्य. पण माणूस सगळ्याच वस्तू वजन करून घेत नाही. आईने लग्नात घेतलेली पैठणी किती वेळा नेसली, असं कोणी विचारतं का? मला ती हुडी घातली की बरं वाटतं, आणि पैसे माझ्या घामाचे आहेत.

गांधीबाग_होलसेल:

@मिहान_आयटी, तुमच्या कमाईचं आहे, कोणी बोट दाखवणार नाही. पण पैठणीचं उदाहरण घ्यायचं तर पुरतं घ्या. पैठणीचा भाव जरीवर, पदराच्या नक्षीवर आणि विणकराच्या दिवसांवर ठरतो. हुडी दुप्पट भावाने विकली गेली तरी तिच्यात एक टाका वाढत नाही.

मिहान_आयटी:

बरोबर. तरीही घेतली असती.

बर्डीचा_पोट्टा:

हे आवडलं आपल्याले. भाऊ, थंडीत एकदा तर्री पोहे खायला ये त्या हुडीत. तर्री सांडली तर जबाबदारी माझी नाही.

मिहान_आयटी:

तर्री असेल तर हुडी घरी ठेवून येईन.

सुईदोरा_धरमपेठ:

खूप काही मिळालं. माझ्या प्रश्नाचं मला जे उत्तर मिळालं ते लिहिते, पटलं नाही तर सांगा.

हुडीचं काम चांगलं आहे. जगात याहून चांगली कोणी करत नाही असं मात्र नाही. 168 डॉलरला, दुकानातून, ज्याची ऐपत आहे त्याने घेतली तर वस्तू पैशाला जागते. तिथून पुढे 40 हजारांपर्यंत जी चढण आहे त्यात शिलाईचा एक टाकाही नाही. टी-शर्टबद्दल माझं मत आणखी कडक आहे. छापील टी-शर्टाबद्दल इथे जे वाचलं त्यात मला खास काहीच दिसलं नाही, आणि हेन्सच्या पाकिटाबद्दल वाचल्यावर तर शंकाच उरली नाही. सुरुवातीच्या पोरांनी जे नाव कमावून दिलं ते खरं होतं. आजचं नाव त्या पुण्याईवर आणि गुरुवारच्या रांगेवर चाललंय.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. रिसेलचे पैसे मी देणार नाही आणि वडिलांना गळही घालणार नाही. दुसरं, अशीच हुडी मी शिवून देते. आडवी वीण, कुशीला रिब, दुहेरी टोपी. छातीवर काहीही नाही. तो लगेच हो म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला.

फुटाळा_स्केटर:

ताई, शेवटच्या वाक्याला माझा विरोध नोंदवतो. सगळं पुण्याईवर नाही. त्यांची स्केटची टीम आजही आहे, नवी पोरं आजही तिथे तयार होतात. ते आपल्या बर्डीपर्यंत पोचत नाही म्हणून नाहीच असं नाही.

पण छातीवर काही नसलेली हुडी मला हवी आहे. बाह्या थोड्या लांब, कोपराला आतून दुहेरी कापड. मी पडतो तिथेच फाटते.

सुईदोरा_धरमपेठ:

विरोध मान्य, टीमचं मला माहीत नव्हतं. कोपराचं करून देते. @गांधीबाग_होलसेल, 380-400 चं शुद्ध सुती फ्लीस, म्हणजे आतून लव काढलेलं कापड, किती घ्यावं लागेल?

गांधीबाग_होलसेल:

रोल 20-25 किलोचा येतो. कुशीची, मनगटाची रिब त्याच रंगात वेगळी मागवावी लागेल, नाहीतर छटा जुळत नाही. आडवं कापणार असाल तर एका हुडीला सव्वा किलो धरा. 16 ते 20 हुड्या होतील. काळा आणि राखाडी लगेच देतो, बाकी रंगांना थोडे दिवस लागतील. भाव इथे लिहीत नाही, व्यवस्थापक रागावतील. दुकानात या.

प्रतापनगर_आई:

एक माझ्या मुलासाठी. राखाडी, एल साईज.

न्यूजर्सी_नागपूरकर:

जानेवारीत येतोय. एक्सएल काळी. आणि काकांसाठी एक माझ्याकडून.

इतवारी_काका:

मला नको रे बाबा. बरं, टोपी नसलेली होते का?

मिहान_आयटी:

मलाही एक. तुलना करून इथे लिहितो.

तिरुपूर_रिटर्न:

ताई, रोल आला की थेट कापायला घेऊ नका. हात-सव्वा हात कापड चौकोनी खुणा करून दोनदा गरम पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि उभं-आडवं किती आखडलं ते मोजा. तेवढं मार्जिन पॅटर्नमध्ये धरा. रिब वेगळी धुवून पाहा, ती फ्लीसपेक्षा जास्त आखडते आणि कंबर वर खेचते. भरतकाम नसल्यामुळे पुढचा भाग आधी कापून भरायला पाठवावा लागणार नाही, एकदम सगळे थर लावता येतील. शनिवारी मी गांधीबागेत आहे, कापड बघायला सोबत येतो.